मोठी वस्तूरूप देणगी आणि ई-फाइल रिटर्न: फॉर्म ८२८३ पासून ८४५३ पर्यंत

कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थांनी आपल्या मालकीच्या जमिनी आणि इमारती धर्मादाय ट्रस्टला दिल्या. रिटर्नमध्ये किंमत लावली सुमारे १ कोटी ८५ लाख डॉलर. ते स्वतः मालमत्तेचे परवानाधारक मूल्यांकनकार होते, म्हणून मूल्यांकन त्यांनीच केलं आणि वस्तूरूप देणगीचा फॉर्म ८२८३ ही स्वतःच भरला. २०१२ साली अमेरिकेच्या टॅक्स कोर्टाने निकाल दिला: वजावट शून्य. किंमत फुगवलेली नव्हती, उलट कमीच लावलेली असू शकते, हा निकाल कठोर आहे, हे सगळं कोर्टाने मान्य केलं. पण दात्याने स्वतःच्या दानाचं केलेलं मूल्यांकन कायद्याला चालत नाही, आणि तिथे कोर्टाचाही इलाज नव्हता.

दुसरं प्रकरण २०२२ च्या निकालाचं. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथल्या संग्रहालयाला एका बाईंनी मूळनिवासी कारागिरीचे सुमारे १२० दागिने आणि वस्तू दिल्या. संग्रहालयाने रीतसर दानपत्र केलं, त्यावर सह्या झाल्या. मात्र ‘या देणगीच्या बदल्यात दात्याला काही दिलं किंवा दिलं नाही’ हे वाक्य त्यात नव्हतं. ४ लाख ६३ हजार डॉलरहून अधिक वजावट नामंजूर झाली.

हे दोन निकाल आधी सांगितले, कारण अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींमध्ये आता मोठी वस्तूरूप दानं होऊ लागली आहेत. नोकरीत मिळालेले कंपनीचे शेअर, आईचे दागिने, जुनी गाडी, आयुष्यभर जमवलेली पुस्तकं, चित्रं. देताना सगळं लक्ष ‘किती किमतीचं आहे’ याकडे असतं. वजावट टिकते ती मात्र कोणी, केव्हा आणि कशावर सही केली यावर. त्यात रिटर्न ई-फाइल केलं की आणखी एक अडचण येते. आकडे वायरने जातात, सहीचा कागद आपोआप जात नाही. तो कागद आयआरएसपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्यापर्यंत, कसा पोचवायचा, आणि त्याआधी तो कसा तयार करायचा, हे क्रमाने पाहू.

आधी पाहा, वजावट मिळणार आहे का

वस्तूरूप देणगीची वजावट रिटर्नसोबतचं शेड्यूल ए भरून आयटमाइझ करणाऱ्यालाच, म्हणजे एकेक वजावट वेगळी मांडणाऱ्यालाच, मिळते. २०२५ या करवर्षासाठी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे तसं न करणाऱ्याला मिळणारी सरसकट वजावट, एकट्याला १५,७५० डॉलर आणि जोडप्याने एकत्र भरल्यास ३१,५०० डॉलर आहे. घरकर्जाचं व्याज, राज्याचे आणि घराचे कर, देणग्या यांची बेरीज याच्या वर जात नसेल, तर फॉर्म ८२८३ भरून हाती काही लागणार नाही. २०२६ पासून आयटमाइझ न करणाऱ्यांनाही एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत देणगीची वजावट मिळेल, पण ती फक्त रोख देणगीची. आयटमाइझ करणाऱ्यांसाठी २०२६ पासून एक कात्रीही लागली आहे: समायोजित एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे एजीआयच्या, अर्ध्या टक्क्याइतकी देणगी वजावटीत धरली जात नाही. दोन-तीन वर्षांचं दान एकाच वर्षी करायचा विचार असेल तर हे गणित आधी करा.

मग संस्था. आयआरएसच्या संकेतस्थळावर ‘टॅक्स एक्झेम्प्ट ऑर्गनायझेशन सर्च’ आहे, तिथे संस्थेचं नाव किंवा ईआयएन (संस्थेचा कर क्रमांक) टाकून पाहा. ना-नफा संस्था म्हणजे ५०१(सी)(३), म्हणजे या कलमाखाली नोंदलेली धर्मादाय संस्था, असंच नव्हे. एखादं मंडळ सामाजिक क्लब म्हणून नोंदलेलं असेल तर त्याला दिलेल्या देणगीची वजावट मिळत नाही. मंदिरांना या यादीत असण्याची सक्ती नाही, तरी बहुतेक मंदिरं आपला धर्मादाय दर्जा सांगणारं आयआरएसचं निश्चितीपत्र दाखवू शकतात. ते मागायला संकोचू नका.

आणि गावच्या देवस्थानाचं, शाळेचं काय? भारतातल्या ट्रस्टला थेट दिलेली देणगी अमेरिकन रिटर्नवर वजावटीला पात्र नाही. त्या ट्रस्टकडे ८०जी चं प्रमाणपत्र असलं तरी त्याचा उपयोग भारतातल्या आयकरात आहे. त्या कामासाठी अमेरिकेत नोंदलेली संस्था असेल, आणि पैसा कुठे कसा वापरायचा याचा अंतिम निर्णय तिच्या हातात असेल, तरच तिला दिलेली देणगी इथे चालते.

तुमचे श्रमही इथे मोजले जात नाहीत. गणेशोत्सवाची सजावट करायला दिलेले तास, शिजवलेला स्वयंपाक, रंगमंचाची मांडणी, कशाचीच वजावट नाही. सामानाचा पदरचा खर्च आणि त्या कामासाठी चालवलेल्या गाडीचे मैलामागे १४ सेंट मात्र घेता येतात. चित्रकाराने स्वतः काढलेलं चित्र दिलं तर रंग-कॅनव्हासचा खर्च तेवढा मिळतो, बाजारभाव नाही.

किमतीच्या पायऱ्या

२५० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या वस्तूला साधी पावती पुरते. २५० पासून पुढे संस्थेची लेखी पोचपावती लागते. वर्षभरातल्या सगळ्या वस्तूरूप देणग्यांची वजावट मिळून ५०० डॉलरच्या वर गेली की फॉर्म ८२८३ लागतो. एका वस्तूची किंवा एका जातीच्या वस्तूंची वजावट ५,००० डॉलरपर्यंत असेल तर ती या फॉर्मच्या सेक्शन ए मध्ये. त्याहून जास्त असेल तर सेक्शन बी मध्ये, आणि तिथे पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल, त्याची सही आणि संस्थेची सही अशा तिन्ही गोष्टी लागतात. शेअर बाजारात नोंद असलेले शेअर आणि म्युच्युअल फंड हा मोठा अपवाद: ते कितीही किमतीचे असोत, सेक्शन ए मध्येच जातात आणि त्यांना मूल्यांकन लागत नाही.

‘एका जातीच्या वस्तू’ हे शब्द नीट लक्षात घ्या, कारण घोटाळा इथेच होतो. समजा तुम्ही एका मंदिराला ३,५०० डॉलरचे दागिने दिले आणि त्याच वर्षी दुसऱ्या मंदिराला २,८०० डॉलरचे. दोन्ही ५,००० च्या आत दिसतात. पण दागिने ही एकच जात, आणि बेरीज ६,३००. म्हणजे दोन्ही दानांना मूल्यांकन हवं आणि दोन्ही मंदिरांसाठी सेक्शन बी चा वेगवेगळा फॉर्म ८२८३ हवा. कपडे, पुस्तकं, नाणी, चित्रं, जमिनी यांनाही हाच हिशेब. वर्षात पाच ठिकाणी कपडे टाकून आलात तरी पाच पावत्यांची बेरीजच पाहिली जाते.

पोचपावती: एक वाक्य कमी असेल तर सगळं व्यर्थ

संस्थेच्या पत्रात तिचं नाव, देणगीची तारीख आणि वस्तूचं वर्णन हवं. किंमत संस्थेने लिहायची नसते, ती दात्याची जबाबदारी आहे. सगळ्यात महत्त्वाचं, बदल्यात काही वस्तू किंवा सेवा दिली की नाही हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं हवं. काहीच दिलं नसेल तर ‘काही दिलं नाही’ असं. अधिवेशनाचे पास, जेवणाची पानं, जाहिरातीची जागा असं काही दिलं असेल तर त्याचं वर्णन आणि अंदाजे किंमत, जी तुम्ही वजावटीतून वजा कराल. मंदिराने फक्त पूजा-आशीर्वाद असा अमूर्त धार्मिक लाभ दिला असेल तर तसं नमूद केलेलं हवं.

या पत्राला मुदत आहे. रिटर्न भरण्याचा दिवस किंवा रिटर्नची अंतिम तारीख (मुदतवाढ घेतली असल्यास ती धरून), यांतलं जे आधी येईल त्याच्या आत पत्र तुमच्या हातात हवं. रिटर्न १० मार्चला भरलं आणि पत्र २० मार्चला आलं तर ते पत्र उशिराचं ठरतं, अंतिम तारीख १५ एप्रिल असली तरी. आयआरएसची विचारणा आल्यावर संस्थेकडून नवं पत्र आणून ही चूक भरून काढता येत नाही. म्हणून पत्र हातात आलं की तिथल्या तिथे वाचा, आणि ते वाक्य नसेल तर रिटर्न भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. हे पत्र रिटर्नला जोडायचं नसतं, स्वतःकडे ठेवायचं असतं. आणि फॉर्म ८२८३ वर संस्थेने सही केली म्हणून या पत्राची गरज संपत नाही.

सेक्शन ए: शेअर, कपडे, सामान

शेअर द्यायचे असतील तर एक वर्षाहून जास्त काळ तुमच्याकडे असलेलेच द्या. कंपनीने नोकरीत दिलेल्या शेअरचा, म्हणजे आरएसयूचा, काळ ते व्हेस्ट झाल्यापासून (प्रत्यक्ष तुमचे झाल्यापासून) मोजतात, ग्रँट मिळाल्यापासून (ते देऊ केल्यापासून) नाही. वर्ष पूर्ण झालेलं असेल तर दानाच्या दिवशीचा बाजारभाव वजावटीला मिळतो आणि वाढलेल्या किमतीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. वर्ष व्हायचं असेल तर तुमची मूळ किंमत तेवढी मिळते. समजा व्हेस्ट होताना ६० डॉलरचे असलेले १०० शेअर आज २०० डॉलरला आहेत. दीर्घ मुदतीचे असतील तर वजावट २०,००० डॉलर, आणि १४,००० डॉलरचा नफा करातून सुटला. एक वर्षाच्या आत दिले तर वजावट ६,००० डॉलर.

भाव कसा धरायचा? त्या दिवसाचा सर्वांत चढा आणि सर्वांत उतरता भाव यांची सरासरी. बंद भाव नाही. दिवस कोणता? शेअर संस्थेच्या खात्यात पोचले तो, तुम्ही ब्रोकरला सांगितलं तो नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केलेली बदली जानेवारीत पूर्ण झाली तर वजावट पुढच्या वर्षाची. हे काम नोव्हेंबरमध्येच उरकावं. संस्थेकडे ब्रोकरेज खातं नसेल तर डोनर-अॅडव्हाइज्ड फंडाचा मार्ग आहे. शेअर फंडाला द्यायचे, वजावट त्या वर्षी घ्यायची, आणि मंडळाला किंवा मंदिराला पैसे सवडीने पाठवायचे. तेव्हा पोचपावती फंडाची लागते, मंडळाची नाही.

फॉर्मवर संस्थेचं नाव-पत्ता, वस्तूचं वर्णन आणि स्थिती, दानाची तारीख, ती तुमच्याकडे केव्हा आणि कशी आली, तुमची मूळ किंमत, बाजारभाव आणि तो कसा ठरवला, एवढं भरायचं असतं. शेअरच्या वर्णनात कंपनीचं नाव आणि शेअरची संख्या लिहा. नुसतं ‘स्टॉक’ लिहू नका.

कपडे आणि घरसामान चांगल्या वापरण्याजोग्या स्थितीत हवं. किंमत धरायची ती जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळेल तेवढी. गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मीसारख्या दुकानांतले भाव डोळ्यांपुढे ठेवा. लग्नातल्या पैठणीची किंमत पुण्यात काय पडली होती याचा इथे उपयोग नाही. देण्याआधी सगळं अंथरून फोटो काढा आणि यादी करा. संस्थेच्या पावतीवर ‘तीन पिशव्या’ एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा तपशील सांगणारी तुमचीच यादी उरते.

गाडी: इथे पावतीऐवजी १०९८-सी

गाडीची वजावट ५०० डॉलरहून जास्त घ्यायची असेल तर संस्थेकडून फॉर्म १०९८-सी यायला हवा. संस्थेने गाडी विकली तर विक्रीत आलेली रक्कम आणि बाजारभाव यांत जी कमी असेल तीच तुमची वजावट. तुम्हाला इंटरनेटवर ६,००० चा भाव दिसत असेल आणि लिलावात १,४०० आले, तर १,४००. संस्था गाडी स्वतःच्या कामासाठी लक्षणीय वापरणार असेल, मोठी दुरुस्ती करणार असेल किंवा गरजू व्यक्तीला नाममात्र दरात देणार असेल, तर पूर्ण बाजारभाव घेता येतो, आणि १०९८-सी वर तशी खूण असते. विक्रीनंतर ३० दिवसांत हा फॉर्म तुम्हाला मिळायला हवा. त्याची ‘कॉपी बी’ नावाची प्रत रिटर्नसोबत जाते. कशी, ते पुढे सांगतो.

सेक्शन बी: मूल्यांकन आणि दोन सह्या

आता सगळ्यात नाजूक भाग. दागिने, चित्र, जमीन, न नोंदलेल्या कंपनीचे शेअर, क्रिप्टो यांची वजावट ५,००० डॉलरच्या वर असेल तर पात्र मूल्यांकन हवंच. न नोंदलेल्या कंपनीच्या शेअरना १०,००० पर्यंत मूल्यांकनाची सूट आहे, सेक्शन बी ची नाही. क्रिप्टोबद्दल अनेकांचा समज आहे की एक्स्चेंजवर भाव रोज दिसतो, मग मूल्यांकन कशाला. आयआरएसच्या मुख्य विधी सल्लागारांनी जानेवारी २०२३ मध्ये याचं उत्तर दिलं: क्रिप्टो हे नोंदलेल्या शेअरसारखं नाही, ५,००० च्या वर मूल्यांकन लागेलच.

मूल्यांकनकार कोण असावा? मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थेची पदवी असलेला, किंवा त्या जातीच्या वस्तूंच्या मूल्यांकनाचं शिक्षण आणि किमान दोन वर्षांचा अनुभव असलेला, आणि हे काम पैसे घेऊन नियमित करणारा. अमेरिकन सोसायटी ऑफ अप्रेझर्स, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ अप्रेझर्स, अप्रेझर्स असोसिएशन ऑफ अमेरिका यांच्या याद्यांमधून शोधता येतो. तुम्ही स्वतः, देणगी घेणारी संस्था आणि ती वस्तू तुम्हाला विकणारा सराफ यांपैकी कोणी चालत नाही. फी मूल्याच्या टक्केवारीत असू नये, ठरावीक रक्कम असावी. ती फी देणगी म्हणून दाखवता येत नाही.

तारखा घट्ट आहेत. अहवालाची तारीख दानाच्या ६० दिवसांपेक्षा आधीची नको. दान २० ऑक्टोबर २०२५ चं असेल तर अहवाल २१ ऑगस्टच्या आधीचा चालणार नाही. दानानंतर केला तरी चालतो, मात्र त्यात किंमत दानाच्या दिवसाची धरलेली हवी, आणि अहवाल रिटर्नच्या अंतिम तारखेआधी तुमच्या हातात हवा. उशीर होणार असं दिसलं तर १५ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ घ्या. कर भरायची तारीख त्याने पुढे जात नाही, पण कागद जमवायला वेळ मिळतो. अपुऱ्या कागदांवर रिटर्न भरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

विम्यासाठी केलेलं दागिन्यांचं मूल्यांकन इथे वापरू नका. त्यात नवा दागिना घ्यायला काय पडेल ते लिहिलेलं असतं. इथे हवी ती खुल्या बाजारात तो दागिना विकला तर मिळणारी किंमत, आणि ती बरीच कमी असू शकते. खऱ्या किमतीच्या दीडपट किंवा अधिक दाखवल्याचं सिद्ध झालं तर कमी भरलेल्या करावर २० टक्के दंड बसू शकतो, दुप्पट किंवा अधिक दाखवल्यास ४० टक्के. ५,००० डॉलरहून जास्त कर कमी भरला गेला असेल तेव्हा हा दंड लागतो.

दागिन्यांचाच विषय निघाला आहे तर आणखी एक नियम सांगायला हवा, कारण आपल्याकडे तो सारखा आड येतो. दीर्घकाळ जवळ असलेल्या चीजवस्तूचा पूर्ण बाजारभाव तेव्हाच मिळतो, जेव्हा संस्था ती वस्तू आपल्या मूळ कामासाठी वापरते. इथल्या मंदिराला दिलेला हार मूर्तीच्या अंगावर चढणार असेल तर तो मंदिराच्या कामाशी जोडलेला वापर म्हणता येतो. मंदिर तो विकून इमारत निधीत पैसे टाकणार असेल तर तुमची वजावट मूळ किमतीपुरती आटते. आणि मूळ किंमत कोणती? आईने हयातीत हाताने दिलेल्या पाटल्या असतील तर आईने घेतल्या तेव्हाची किंमत धरायची, दिल्या त्या दिवशी बाजारभाव त्याहून कमी असला तर निराळा हिशेब. आईच्या पश्चात वारसाने आल्या असतील तर तिच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव. सोन्याचे भाव पाहता या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून दागिना कसा आणि केव्हा आला याचा जो काही कागद असेल, जुनी पावती, वाटणीपत्र, मृत्युपत्र, तो शोधून ठेवा. मंदिराचा इरादाही देण्याआधी विश्वस्तांकडून लेखी घ्या. वजावट अशी आटली तर तो आकडा कसा काढला याचं निवेदन रिटर्नला जोडावं लागतं.

अहवाल हाती आला की सेक्शन बी भरा: वस्तूचं वर्णन, स्थिती, मूल्यांकित किंमत, मिळाल्याची तारीख आणि रीत, मूळ किंमत. मूळ किंमत खरंच सापडत नसेल तर चौकट कोरी ठेवू नका, न मिळण्याचं कारण लिहून निवेदन जोडा. मग फॉर्म मूल्यांकनकाराकडे, त्याच्या निवेदनावर सहीसाठी. मग संस्थेकडे, तिच्या पोचीवर अधिकृत पदाधिकाऱ्याच्या सहीसाठी. दोन्ही सह्या रिटर्न पाठवण्याआधी. आयआरएस या फॉर्मवर इलेक्ट्रॉनिक सहीही स्वीकारते, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मूल्यांकनकाराची सही मिळवणं पूर्वीइतकं जड राहिलेलं नाही.

मंडळांच्या आणि मंदिरांच्या खजिनदारांना इथे एक विनंती. ही सही म्हणजे वस्तू मिळाल्याची कबुली आहे, किमतीला दिलेली मान्यता नव्हे, त्यामुळे ती करायला घाबरू नका. पण सही केल्यावर फॉर्मची प्रत दप्तरी ठेवा. तीन वर्षांच्या आत ती वस्तू विकली तर १२५ दिवसांत फॉर्म ८२८२ भरून आयआरएसला कळवायचं आणि दात्याला प्रत द्यायची ही जबाबदारी संस्थेची आहे. कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते, नव्या खजिनदाराला हे ठाऊकच नसतं, आणि भोगतो तो दाता. मूर्तीसाठी म्हणून पूर्ण भावाने वजावट घेतलेला दागिना मध्येच विकला गेला, तर घेतलेली जादा वजावट दात्याच्या उत्पन्नात परत धरली जाऊ शकते.

ई-फाइल: काय वायरने जातं, काय टपालाने

सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म ८२८३ ची माहिती भरली की ती रिटर्नसोबत जाते. सेक्शन ए मध्ये साधे शेअर किंवा कपडे असतील आणि कुठलंही निवेदन जोडायचं नसेल तर काम तिथेच संपलं, टपालाने काही पाठवायचं नाही.

सेक्शन बी असेल तर सह्या असलेला फॉर्म आयआरएसला मिळायलाच हवा. सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या माहितीत सही नसते. १०९८-सी, आटलेल्या वजावटीचं निवेदन आणि जोडणं बंधनकारक असलेला मूल्यांकन अहवाल यांनाही हाच नियम. अहवाल प्रत्येक वेळी जोडायचा नसतो. वजावट २०,००० डॉलर किंवा अधिक असलेली कलाकृती, ५,००,००० डॉलरच्या वर गेलेली कुठलीही मालमत्ता, चांगल्या स्थितीत नसलेल्या कपड्या-सामानाच्या एका वस्तूची ५०० डॉलरवरची वजावट, आणि संवर्धन हक्काची (वास्तू जशी आहे तशी जपण्याचं बंधन घालून घेण्याची) काही दानं यांना तो जोडावा लागतो. बाकी ठिकाणी अहवाल घरी, फक्त सह्यांचा फॉर्म आयआरएसला.

पोचवायचे मार्ग दोन. पहिला, पीडीएफ. सॉफ्टवेअरमध्ये रिटर्नला पीडीएफ जोडायची सोय असेल तर सह्यांचा फॉर्म स्वच्छ स्कॅन करा, फाइलला ओळखू येईल असं नाव द्या आणि जोडा. कर सल्लागारांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय सहसा असते. घरगुती वापराच्या सॉफ्टवेअरमध्ये असेलच असं नाही, म्हणून जानेवारीतच तपासा. पीडीएफ जोडली असेल तर तोच कागद पुन्हा टपालाने पाठवायचा नाही.

दुसरा, फॉर्म ८४५३. हा एका पानाचा पाठवणीचा फॉर्म आहे. त्यावर नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी क्रमांक रिटर्नवर आहेत अगदी तसेच लिहायचे. खालच्या यादीत ८२८३ समोरच्या चौकटीत खूण करायची, गाडी असेल तर १०९८-सी समोरच्याही. मागे सह्यांचा मूळ फॉर्म आणि जोडपत्रं लावून ते ऑस्टिन, टेक्सास इथल्या आयआरएसच्या पत्त्यावर पाठवायचे. पत्ता फॉर्मच्या सूचनांमध्ये छापलेला असतो, तोच वापरा. तुमच्या राज्याचं कागदी रिटर्न जिथे जातं तो पत्ता वेगळा.

वेळ: रिटर्न ‘स्वीकारलं’ असा आयआरएसचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत. ‘पाठवलं’ आणि ‘स्वीकारलं’ यांत फरक आहे. नाकारलं गेलं तर दुरुस्त करून पुन्हा पाठवा आणि स्वीकारल्यावर टपाल करा. शुक्रवारी १० एप्रिल २०२६ ला स्वीकारलं गेलं तर तिसरा कामकाजाचा दिवस बुधवार १५ एप्रिल. सर्टिफाइड मेलने पाठवा, पोस्टाची पावती आणि पाकिटातल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवा. पाकिटात १०४० ची, म्हणजे मुख्य रिटर्नची, प्रत, संस्थांची पोचपत्रं, कपड्यांच्या पावत्या असं काही घालू नका. ८४५३ च्या यादीत नसलेला एखादा कागद जोडणं बंधनकारक असेल तर ते रिटर्न ई-फाइलच करता येत नाही, कागदावरच भरावं लागतं.

सल्लागाराकडून भरून घेत असाल तर त्यांना थेट विचारा: ‘सह्यांचा ८२८३ पीडीएफने गेला की ८४५३ सोबत, आणि त्याचा पुरावा मला मिळेल का?’ तुम्ही सही करता तो फॉर्म ८८७९ वेगळा आहे. तो फक्त रिटर्न पाठवायची परवानगी देतो आणि सल्लागाराच्याच फायलीत राहतो. त्यावर सही झाली म्हणजे देणगीचे कागद गेले असं नाही.

पुढची वर्षं

दीर्घ मुदतीच्या शेअरच्या आणि इतर वाढलेल्या मालमत्तेच्या दानाची वजावट सार्वजनिक संस्थेला दिलेल्या बाबतीत एजीआयच्या ३० टक्क्यांपर्यंतच मिळते. उरलेली पुढच्या पाच वर्षांत ओढून नेता येते. ज्या वर्षी सेक्शन बी च्या देणगीचा उरलेला भाग घेता, त्या वर्षीच्या रिटर्नलाही मूळ ८२८३ ची प्रत जोडा, पुन्हा पीडीएफने किंवा ८४५३ सोबत. दुसऱ्या वर्षी सॉफ्टवेअर किंवा सल्लागार बदलला की नेमकं हेच राहून जातं.

सगळे कागद एका फोल्डरमध्ये ठेवा: पोचपत्र, यादी आणि फोटो, मूल्यांकन अहवाल, सह्यांचा ८२८३, १०९८-सी, ब्रोकरचं बदलीपत्र, रिटर्न स्वीकारल्याचा संदेश, पोस्टाची पावती. शेवटचा उरलेला भाग ज्या रिटर्नमध्ये घेतलात ते भरल्यापासून किमान तीन वर्षं हा फोल्डर हलवू नका. २०२५ च्या दानाचा शेवटचा तुकडा २०३० च्या रिटर्नमध्ये गेला, आणि ते रिटर्न एप्रिल २०३१ मध्ये भरलं, तर तो फोल्डर एप्रिल २०३४ पर्यंत लागेल.